जस्त काढलं की एनडीएम गपगार: धातूंचे आयन आणि थकलेली अँटिबायोटिक्स

पेट्रीताई
सोमवार, रात्री १०:१८

सोळा वर्षं मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काढली. जिल्ह्याचं गाव, मध्यम हॉस्पिटल. परवा एका आजोबांचा लघवीचा कल्चर रिपोर्ट काढला. क्लेबसिएला न्यूमोनिए. औषधांच्या यादीपुढे ओळीनं आर, आर, आर, मेरोपेनेमपुढेसुद्धा आर. रिपोर्ट न्यायला आलेल्या मुलानं विचारलं, "मॅडम, आर म्हणजे रिकव्हरी ना?" आर म्हणजे रेझिस्टंट, हे त्याला सांगताना मी उगाच टेबलावरचे कागद सरळ करत बसले.

त्याच जिवाणूची आणखी एक प्लेट त्या दिवशी लावली होती. धागा तिच्याबद्दल आहे.

म्युलर-हिंटन अगरच्या प्लेटवर जिवाणूचा एकसारखा थर फासायचा. वर इमिपेनेमच्या दोन डिस्क ठेवायच्या. डिस्क म्हणजे टिकलीएवढा औषध भिनवलेला कागद. त्यातल्या एकीवर ईडीटीएचा थेंब सोडायचा आणि प्लेट रात्रभर ३५ अंशाला ठेवून द्यायची. सकाळी बघितलं तर साध्या डिस्कला जिवाणू कडेपर्यंत खेटून वाढलेला, दुधावर साय धरावी तसा. ईडीटीएवाल्या डिस्कभोवती मात्र स्वच्छ गोल. पट्टी लावली, २१ मिलिमीटर. औषध तेच, जिवाणू तोच, प्लेटही एकच. दोन्हींत ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक दिसला की आम्ही 'एमबीएल' असं लिहितो.

एमबीएल म्हणजे मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, कार्बापेनेम गटातली औषधं (इमिपेनेम, मेरोपेनेम ही त्यातलीच) फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. या विकराच्या खोबणीत जस्ताचे दोन आयन बसलेले असतात आणि त्या दोघांच्या मध्ये पाण्याचा एक कण अडकवलेला असतो. औषधाच्या रेणूतल्या चौकोनी कड्यावर घाव घालतो तो हाच कण. ईडीटीए धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन. त्यानं जस्त ओढून नेलं की विळीचं पातं काढून नेल्यासारखं होतं. पाट तिथंच, पण भाजी चिरली जात नाही.

यातलं सगळ्यात बदनाम विकर एनडीएम-१. २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णात सापडलं, त्याच्यावर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून नावात 'न्यू दिल्ली'. २०१० मध्ये नावावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला, संसदेपर्यंत. माझं वैयक्तिक मत: नाव टोचलं म्हणून जेवढा आवाज झाला त्याच्या निम्मा जरी त्या जिवाणूबद्दल झाला असता तरी चाललं असतं.

आता प्रश्न. प्लेटवर जे जमतं ते माणसात का नाही? ईडीटीए असं थेट शिरेतून देणं धोक्याचं, कारण ते रक्तातलं कॅल्शियम आधी ओढेल आणि जस्तावर चालणारी आपलीच शेकडो विकरं लंगडी पाडेल. म्हणून दोन वाटा शोधल्या गेल्या. एक: जस्त काढणारं पण थोडं सौम्य काहीतरी. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेरी राइट यांच्या गटाला नोव्हा स्कोशियाच्या मातीतल्या एका बुरशीत अ‍ॅस्परजिलोमॅरास्मिन-ए नावाचा रेणू सापडला, २०१४ साली. एनडीएमवाल्या क्लेबसिएलाची लागण केलेले उंदीर मेरोपेनेमच्या जोडीला तो दिल्यावर वाचले. दोन: जस्ताला ढकलून त्याच्या जागी दुसराच धातू बसवायचा. हाँगकाँग विद्यापीठातल्या होंगझे सुन यांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की अल्सरसाठी वापरतात ते बिस्मथ एनडीएमच्या खोबणीत शिरतं आणि जस्ताच्या दोन आयनांना हुसकावून एकटं ठाण मांडतं. पातं गेलं, वर त्या जागी दगड बसला.

इथे कुणी रसायनशास्त्रवाले, गुरं-कोंबड्यांवाले, डॉक्टर असतील तर लिहा. मला प्लेटच्या पलीकडचं ऐकायचंय.

माऊ७९
सोमवार, रात्री १०:५५

रिकव्हरीवाला प्रसंग वाचून पोटात कालवलं. आजोबा कसे आहेत?

पेट्रीताई
सोमवार, रात्री ११:०४

माऊ, घरी गेले. दोन औषधं एकत्र देऊन जमलं. अ‍ॅझट्रिओनाम नावाचं एक औषध आहे, ते एनडीएमला फोडता येत नाही. पण असे जिवाणू दुसरी विकरंही बाळगून असतात आणि ती त्याला फोडतात. म्हणून त्या दुसऱ्यांना अडवणारं औषध जोडीला द्यावं लागतं.

शंकासुर
मंगळवार, सकाळी ७:४०

एक बाळबोध शंका. तो २१ मिलिमीटरचा गोल ईडीटीएनं स्वतःच जिवाणू मारल्यामुळे पडला नसेल कशावरून? औषधाला उगाच श्रेय.

पेट्रीताई
मंगळवार, सकाळी ८:१५

बाळबोध अजिबात नाही, चांगली शंका आहे. म्हणून तिसरी डिस्क असते, नुसत्या ईडीटीएची, औषध नसलेली. तिच्याभोवती मोठा गोल आला तर टेस्ट रद्द. माझ्या प्लेटवर तिच्याभोवती काही नव्हतं.

तांबट_आळीकर
मंगळवार, सकाळी ९:३०

आमच्या आजीला हे सगळं आधीच माहीत होतं. रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. आता शास्त्रज्ञ तेच नव्यानं शोधतायत. पुण्यात आमच्या आळीत हातोड्यांचे आवाज कमी झाले, पण कळशा अजून मिळतात बरं का, जाहिरात समजा.

पेट्रीताई
मंगळवार, सकाळी ९:५२

आळीकर, कळशीचा मान राखून सांगते. कळशीतल्या पाण्यात जिवाणू मरतात हे खरंच आहे. बेंगळुरूत २०१२ मध्ये हे तपासलं गेलंय: जुलाब करणारे जिवाणू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, नंतर त्यात जिवंत जिवाणू मिळाले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं मर्यादेच्या पुष्कळ आत होतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंना जिवाणूनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यताही दिली. दाराच्या मुठी, पलंगाच्या कडा यांसाठी.

पण हे झालं पाण्यातले नाहीतर मुठीवरचे जिवाणू मारणं. माझा धागा फितूर झालेल्या औषधांत पुन्हा जीव आणण्याबद्दल आहे. कळशीतलं पाणी प्यायल्यानं मूत्रमार्गातला क्लेबसिएला मेरोपेनेमला वश होत नाही. आणि कळशीत ताक-लिंबूपाणी ठेवू नका. कल्हई उगाच करत नव्हते.

तांबट_आळीकर
मंगळवार, सकाळी १०:०१

कल्हईचं बोललात, खूश झालो. बाकी मान्य.

रसायनी
मंगळवार, दुपारी २:२०

निवृत्त प्राध्यापक, इनऑर्गॅनिक. पेट्रीताईंनी जस्ताची बाजू मांडली, मी लोहाची मांडतो. ती जास्त मजेदार आहे असं माझं पक्षपाती मत.

जिवाणूला लोह लागतंच. आपलं शरीर ते उघड्यावर ठेवत नाही, प्रथिनांत कुलूपबंद ठेवतं. मग जिवाणू सिडरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतो. हे त्याचे वसुली कारकून समजा. लोह पकडून आणतात आणि जिवाणूच्या दारातून आत शिरतात. या दारातून आत कसं घुसायचं, याच्या दोन युक्त्या.

पहिली गॅलियमची. गॅलियमचा त्रिभारित आयन आणि लोहाचा त्रिभारित आयन आकारानं जवळजवळ सारखे. कारकून फसतो, गॅलियम उचलून आत नेतो. लोहाचं खरं काम एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत ये-जा करण्याचं, इलेक्ट्रॉन घेणं-देणं. गॅलियमला जिवाणूच्या आत ते जमत नाही. खोटं नाणं गल्ल्यात जमा होतं आणि व्यवहार ठप्प होतो. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू ठाण मांडून बसतो; अमेरिकेत अशा काही मोजक्या रुग्णांना शिरेतून गॅलियम देऊन फुफ्फुसाचं काम थोडं सुधारलेलं दिसलं, २०१८ चं काम. गॅलियम नायट्रेट हे आधीपासूनच कॅन्सरच्या रुग्णांतलं वाढलेलं कॅल्शियम उतरवायला वापरात होतं, म्हणून माणसात देऊन बघणं सोपं गेलं.

(अवांतर: गॅलियम ३० अंशाच्या आतच वितळतं. वर्गात तळहातावर ठेवून पोरांना दाखवायचो. शेवटच्या बाकावरचा कायम विचारायचा, "सर, हे विकत कुठे मिळतं?")

दुसरी युक्ती सेफिडरोकोल. इथे औषधालाच सिडरोफोरचं शेपूट लावलंय. ते लोह धरतं आणि जिवाणू त्याला आपला माणूस समजून स्वतः आत ओढतो. अमेरिकेत २०१९ च्या नोव्हेंबरात मान्यता मिळाली. म्हणजे आयनांचा हा खेळ नुसता प्रयोगशाळेतला राहिलेला नाही, बाजारात औषध आहे. महागडं आहे, आणि एनडीएमसमोर कधी कधी तेही कमी पडतं.

शंकासुर
मंगळवार, दुपारी ३:०५

सर, खोटं नाणं आवडलं. पण आता माझा गोंधळ वाढला. एकीकडे धातू काढून घ्यायचा, दुसरीकडे धातू आत घालायचा. नक्की काय करायचं?

रसायनी
मंगळवार, दुपारी ४:४७

दोन्ही. जिवाणूनं प्रतिकारासाठी काय हत्यार बनवलंय त्यावर अवलंबून. गोंधळ अजून वाढवतो, उदाहरण जस्ताचंच घ्या.

अ‍ॅमिकॅसिन हे इंजेक्शन ऐकलं असेल. त्याला निकामी करणारं एक विकर जिवाणूंकडे असतं, ते औषधाला एक छोटासा गट चिकटवतं आणि औषधाची पकड जाते. या विकराला जस्ताचे आयन चालत नाहीत; जस्त आलं की ते थंडावतं. म्हणजे एनडीएमला जस्त हवं, याला नको. अडचण अशी की जस्त जिवाणूच्या आत सहज जात नाही, त्याला पाठकुळी घेणारा लागतो. कॅलिफोर्नियात मार्सेलो टोल्मास्की यांच्या गटानं झिंक पायरिथिऑन वापरलं आणि अ‍ॅमिकॅसिनला दाद न देणारा असिनेटोबॅक्टर हा जिवाणू प्रयोगशाळेत पुन्हा अ‍ॅमिकॅसिनला बळी पडू लागला.

झिंक पायरिथिऑन कुठे मिळतं? तुमच्या बाथरूममध्ये. कोंड्याच्या शॅम्पूची बाटली उलटी करून वाचा.

माऊ७९
मंगळवार, संध्याकाळी ७:१२

वाचली. आहे खरंच! (शॅम्पू पिऊ नये हे मला माहीत आहे, कुणी सांगायला येऊ नका.)

पेट्रीताई
मंगळवार, रात्री ९:३०

सर, यावरून लॅबमधली एक खोच. प्लेटच्या अगरमध्येच जस्त असतं आणि ते कंपनीप्रमाणे, बॅचप्रमाणे कमीजास्त होतं. जस्त भरपूर असलेल्या माध्यमात एनडीएम जोरात चालतं आणि आम्ही 'आर' लिहून मोकळे होतो. शरीरात, विशेषतः जिथे पू झालाय तिथे, सुटं जस्त फारच कमी असतं. कारण आपल्याच पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन ओततात, ते जस्त आणि मँगनीज गिळून बसतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीतल्या विरघळलेल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं हेच असतं. आतड्याची सूज तपासायला शौचातलं कॅलप्रोटेक्टिन मोजतात ना, तेच हे.

म्हणजे जिवाणूचं जस्त तोडायची कल्पना शरीर आधीपासून राबवतंय. आम्ही मात्र प्लेटमध्ये त्याला जस्ताची मेजवानी देऊन मग परीक्षा घेतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एमबीएलवाल्या जिवाणूवर कार्बापेनेम प्लेटवरच्या अंदाजापेक्षा बरं चाललेलं दिसलंय, त्यामागे हे कारण सांगतात. पण म्हणून रिपोर्टवरचा 'आर' खोडून मेरोपेनेम द्यायचं, असा अर्थ कुणी काढू नका. आमचे फिजिशियन हे ऐकून मला रागानं बघतात.

जठराग्नी
बुधवार, सकाळी ६:३०

बिस्मथ वाचून चमकलो. मी सध्या तेच गिळतोय! एच. पायलोरी निघाला, पोटात अल्सर करणारा जिवाणू. आधी एकदा साधा कोर्स झाला, उपयोग शून्य. आता १४ दिवसांचा: बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि अ‍ॅसिडिटीची गोळी. दिवसाला इतक्या गोळ्या की नाष्ट्याला पोह्यांची जागा उरत नाही.

तिसऱ्या दिवशी शौचाला काळंकुट्ट. आरशात बघितलं तर जीभही काळी. बायकोनं लगेच गूगल केलं आणि रक्तस्राव, अमुक तमुक, रडारड. डॉक्टरांना रात्री साडेअकराला फोन. ते शांतपणे म्हणाले, "बिस्मथ आहे हो, झोपा." आधी सांगायला काय जात होतं?

डॉ_भ्रमंती
बुधवार, सकाळी ८:०५

जठराग्नी, सांगायला हवं होतं, आमच्या जमातीतर्फे सॉरी. बिस्मथचा गंधकाशी संयोग होऊन काळं बिस्मथ सल्फाइड बनतं. रक्तस्रावाचं काळं शौच डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असतं; चक्कर, घाम असेल तर मात्र रात्री साडेअकराच काय, तीनलाही फोन करा.

पेट्रीताईंच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर जठराग्नीच आहेत. धातूच्या मदतीनं थकलेलं औषध पुन्हा उभं करणं हे पोटाच्या बाबतीत रोजच्या ओपीडीत चालतं. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोलला न जुमानणारे एच. पायलोरी भरपूर. तरी बिस्मथ जोडीला असलं की हाच कोर्स बऱ्याचदा लागू पडतो. बिस्मथ या जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी हात टाकतं. त्यातलं एक म्हणजे युरिएज, ज्याच्या जोरावर हा आम्लात तग धरतो. तेही धातूवरचंच विकर, त्यात निकेल असतं.

पोटात हे जमतं कारण बिस्मथ रक्तात फारसं उतरत नाही आणि जिवाणू पोटातच आहे. रक्तातल्या, फुफ्फुसातल्या जिवाणूपर्यंत ते पुरेसं पोचवणं ही वेगळी गोष्ट. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये बिस्मथची औषधं महिनोन् महिने घेणाऱ्या शेकडो लोकांच्या मेंदूवर परिणाम झाला होता. त्यामुळे एनडीएमवर बिस्मथ लगेच द्यायला कुणी धजत नाही.

आणि उलटी बाजू. डॉक्सी, सिप्रो चालू असताना लोहाची, कॅल्शियमची, जस्ताची गोळी किंवा अँटासिड एकत्र घेऊ नका. धातू औषधाला पोटातच मिठी मारतो आणि औषध रक्तात जात नाही. सिप्रो त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी. निम्मे 'औषध लागूच पडलं नाही' इथेच झालेले असतात (निम्मे हा माझा वैतागातला आकडा आहे).

स्वानंदी_म
बुधवार, दुपारी १:१५

मग रौप्यभस्म? आणि ते ऑनलाइन मिळणारं 'कोलॉइडल सिल्व्हर'? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक मेसेज.

रसायनी
बुधवार, दुपारी ३:३०

भस्मात धातू बहुतेक सल्फाइड किंवा ऑक्साइडच्या रूपात असतो. पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. सुटे आयन त्यातून किती मिळणार?

चांदीच्या आयनांची करामत मात्र खरी. बॉस्टनमध्ये जिम कॉलिन्स यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं: अगदी थोडे चांदीचे आयन दिले की ग्रॅम-निगेटिव्ह (म्हणजे बाहेरून जास्तीची भिंत असलेल्या) जिवाणूचं आवरण झिरपू लागतं, आतलं लोहाचं गणित बिघडतं, आणि बाहेर ताटकळणारं अँटिबायोटिक आत शिरतं. व्हँकोमायसिनचा रेणू एवढा मोठा की एरवी ई. कोलायच्या बाहेरच्या भिंतीतून जातच नाही. चांदीच्या जोडीनं तोही उंदरांत लागू पडला. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन १९६० च्या दशकापासून आहेच.

बाटलीतली चांदी रोज पिणाऱ्यांची कातडी कायमची निळसर-करडी पडू शकते. नाव आर्जिरिया. पुन्हा गोरं होता येत नाही. ग्रुपवर हे टाका, मेसेज थांबतील.

कोपनहेगनकर
बुधवार, रात्री ११:५०

इथून डुकरांची बाजू. डेन्मार्कमध्ये माणसांपेक्षा डुकरं जास्त, गंमत नाही. मी खाद्य कारखान्यात क्वालिटी बघतो. दूध तोडलेल्या पिल्लांना जुलाब होऊ नयेत म्हणून खाद्यात किलोमागे अडीच ग्रॅम जस्त, झिंक ऑक्साइडच्या रूपात, वर्षानुवर्षं घालत होतो. अँटिबायोटिक कमी करायचा सोपा मार्ग म्हणून सगळे खूश.

मग लक्षात आलं की जस्त-तांबं पचवायला शिकलेल्या जिवाणूंकडे अँटिबायोटिकचा प्रतिकारही त्याच गाठोड्यात येतो. इथल्याच संशोधकांनी २००२ च्या सुमारास डुकरांच्या आतड्यातल्या एंटेरोकॉकस जिवाणूमध्ये तांब्याला टिकवणारा जनुक आणि व्हँकोमायसिनसारख्या औषधांना टिकवणारा जनुक एकाच डीएनएच्या तुकड्यावर शेजारी शेजारी दाखवले. म्हणजे नुसतं तांबं खाऊ घातलं तरी औषधाला न जुमानणारे जिवाणूच निवडले जातात. युरोपीय संघानं जून २०२२ पासून झिंक ऑक्साइडचा हा वापर बंद केला. त्या महिन्यात शेतकऱ्यांचे किती फोन आले विचारू नका.

त्यामुळे 'धातू म्हणजे प्रतिकार न होणारं अस्त्र' असं कुणी म्हणालं की मी डुकरं मोजायला लागतो.

पेट्रीताई
गुरुवार, सकाळी ८:४०

अगदी हेच कुणीतरी लिहावं अशी वाट बघत होते. चांदीचंही तेच. १९७० च्या दशकात बॉस्टनच्या एका जळीत विभागात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला पसरला होता. पुढे त्याच्या प्लाझ्मिडवरचे (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावरचे) जनुक उलगडले गेले, चांदी बाहेर फेकणारे पंप वगैरे. ते काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव सायमन सिल्व्हर, हे मी खरंच बनवत नाहीये.

जिवाणू अब्जावधी वर्षं धातू असलेल्या मातीत-पाण्यात राहतायत. तांबं, पारा, आर्सेनिक बाहेर फेकायचे पंप त्यांच्याकडे पेनिसिलिनच्या कितीतरी आधीपासून आहेत. म्हणून मला नुसत्या धातूनं जिवाणू मारण्यापेक्षा एनडीएमच्या खोबणीवर नेम धरणं जास्त पटतं. तिथे मारा जिवाणूवर नाही, त्याच्या एका हत्यारावर आहे. मारायचं काम मेरोपेनेमचं.

खिल्लारी
गुरुवार, दुपारी १२:२५

कोपनहेगनकर, आपल्याकडे कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सर्रास दिलं जायचं, जुलै २०१९ मध्ये केंद्रानं खाण्याच्या जनावरांसाठी बंदी घातली. बंदीनंतर खाद्यवाल्यांचे एजंट दारात, "डॉक्टर, आता आमचं तांबं-जस्त जास्तीचं घ्या, नॅचरल आहे." तुमचं वाचून त्या पाकिटावरचा डोस पहिल्यांदाच नीट बघितला. शेडवर गरजेपेक्षा जास्त चाललं होतं. कमी करायला सांगितलंय, मालकानं तोंड वाकडं केलं.

रसायनी
गुरुवार, दुपारी २:१०

कोलिस्टिनचा विषय निघालाच तर: त्याला प्रतिकार देणारं एमसीआर-१ हे विकरही जस्तावरच चालतं. आणि संधिवातासाठी वापरलं जाणारं सोन्याचं औषध ऑरानोफिन एनडीएम आणि एमसीआर दोन्हींतलं जस्त हुसकावतं, असं हाँगकाँगच्याच गटानं २०२० मध्ये दाखवलं. पेशीत आणि उंदरात. सोनं बघून आमच्या सौ. म्हणाल्या, आता जिवाणूंनाही दागिने.

शंकासुर
गुरुवार, रात्री ९:००

सगळं वाचलं, पहिल्यांदाच इथे भांडायला काही मिळालं नाही. जठराग्नींचं पुढे काय झालं ते मात्र कळवा.

जठराग्नी
सात आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:१०

धागा वर काढतोय. कोर्स संपला, जीभ आठवड्यात गुलाबी झाली. ब्रेथ टेस्ट लगेच करता येत नव्हती. बिस्मथ आणि अँटिबायोटिक बंद करून चार आठवडे थांबावं लागतं, नाहीतर जिवाणू दबून बसतो आणि खोटाच निगेटिव्ह येतो. अ‍ॅसिडिटीची गोळी दोन आठवडे आधी बंद. ते दोन आठवडे फार वाईट गेले, घरच्यांना विचारा.

काल रिपोर्ट आला. निगेटिव्ह. पेट्रीताई, आज मिसळ खाल्ली तर चालेल का?

पेट्रीताई
रविवार, सकाळी १०:३२

मी लॅबवाली, परवानगी डॉ. भ्रमंतींकडून घ्या. तर्री बाजूला मागवा.